दिव्याचं बटन आणि रेडिओ

धरमपेठ, १२ डिसेंबर १९७८, संध्याकाळ

दिवा लावला आणि चालू रेडिओत कट्ट झालं. तेवढ्यावरून देवाजीकाका आठवले, विमानतळावरचे माझे उस्ताद. विमानाचा जनरेटर जोडायच्या आधी रोज बजावायचे, "पयले रेडिओ बंद कर गा. बटन दाबलं का झटका बसते त्याले." एकदा मी विसरलो. असंच कट्ट, आणि विमानातला रेडिओ जळाला. साहेबांनी विचारलं तर काका म्हणाले, "माझ्याच हातून झालं." त्यांची बढती गेली. मी गप्प का राहिलो? दिवाळीत उमरेडला त्यांच्या घरी भेटलो, तर नव्या विमानांचंच विचारत होते.

आत्ता दिवा विझवायच्या आधी मी रेडिओ बंद केला. बायको म्हणाली, "काहून जी? गाणं अर्धंच राहिलं."

"देवाजीकाकांची शिकवण," म्हणालो. बाकीचं तिलाही सांगितलं नाही.