फलकावरील बाईच्या मुलीला मदत केंद्रात घेण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
माता-बाल आरोग्य कार्यालय.

विषय : आईने गरोदरपणी दारू घेतल्यामुळे बाधित झालेल्या माझ्या नातीस मदत केंद्रात प्रवेश मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या मदत विभागाचे नामंजुरीचे पत्र.

सन्माननीय महोदय,

१. मी अर्जदार, मुलीची आजी. माझी लेक, म्हणजे मुलीची आई, दारूच्या कारखान्यात बाटल्यांना लेबल लावायची. लेबल वाकडे बसलेल्या बाटल्या विक्रीस जात नसत, त्या कामगारांत वाटत. पोटुशी असताना पाय दुखायचे म्हणून ती कामावरून आल्यावर त्यातली थोडी घ्यायची. कोणी नको म्हटले नाही. उलट मुकादमीणबाई म्हणायच्या, "घे गं, बाळ गुटगुटीत होईल." लेक आता हयात नाही.

२. नात तेरा वर्षांची आहे. बोलण्यात पटाईत, पण काल शिकलेले आज तिच्याजवळ नसते. शेगडी पेटवते आणि विसरते. कोणी "चल" म्हटले की चालू लागते. मागच्या महिन्यात एका टेम्पोवाल्याबरोबर गेली. माणूस भला, त्याने आणून सोडली. डॉक्टरांनी लिहिले आहे की लक्षणे दारूचीच दिसतात, परंतु आई घेत होती याची खात्री हवी.

३. मदत विभागाच्या, म्हणजे खोली चारच्या बाई म्हणाल्या, आईचा जबाब आणा. ती वारली म्हटल्यावर म्हणाल्या, साक्षीदार आणा. कारखान्यातल्या बायकांकडे गेले. त्या म्हणाल्या, "मावशी, गेलेल्या बाईची बदनामी आमच्या तोंडून नको. आणि बाटल्यांची गोष्ट बाहेर आली तर आमची नोकरी जाईल."

४. खोली पाच प्रतिबंध विभागाची. लेक गेल्यावर तेथील साहेब घरी आले होते. "आजी, लेकीचा फोटो द्या, चार पोरी शहाण्या होतील." मी दिला. त्यांनी तो मोठा करून फलकावर लावला. पुढे प्रौढांच्या वर्गात अक्षरे शिकले तेव्हा फोटोखालचे वाचता आले : "हिने गरोदरपणी दारू घेतली. तुम्ही घेऊ नका." हा फलक खोली चारच्याच दाराशेजारी आहे. मी बाईंना बाहेर आणून दाखवला. त्या म्हणाल्या, "आजी, ती जनजागृती आहे, पुरावा नाही." पाचच्या साहेबांना म्हटले, एवढेच लिहून द्या. ते म्हणाले, "होऊ नये म्हणून बघणं आमचं काम. झालेल्यांचं चार नंबरला."

५. महोदय, माझे हातपाय थकले. पोरीला किती दिवस धरून ठेवू? माझ्या लेकीने दारू घेतली हे दोन्ही खोल्यांत खरे धरावे, नाहीतर दोन्हीकडे खोटे धरून फलक उतरवावा.

६. उतरवायचे ठरले तर मला आधी निरोप द्यावा. आम्ही येतो तेव्हा नात त्या फलकापुढे उभी राहते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "ही माझी आई." खालची अक्षरे तिला लागत नाहीत. एके दिवशी फलक दिसला नाही, तर आईला शोधायला ती कोणाबरोबरही जाईल.

आपल्या दाराशी आलेली,
(सही)
मुलीची आजी
दिनांक : ९ जून

सोबत : डॉक्टरांचे पत्र, नामंजुरीचे पत्र. फलक आपल्याच भिंतीवर आहे.