फक्कीचं घर आणि हौसाताईची शेळी

नवीन पनवेल,
बुधवार, दुकानाचं शटर उघडायच्या आधी

तीर्थस्वरूप सौ. हौसाताईस,

धाकट्या कमळाकरचा वाकून नमस्कार. दाजींच्याही पायांना हात लावला असं समज, फक्त गुडघ्यांपर्यंत नेला नाही, कारण ते दुखतात हे मला ठाऊक आहे. इकडे सर्व खुशाल. आईचं बीपी माझ्यापेक्षा बरं आहे, कारण ती राग आत साठवत नाही, माझ्यावर काढते. तुझी कंबर, चिरनेरची हवा, परसातला वाल आणि शेळी (हिच्याविषयी पुढे सविस्तर येईल) ही सगळी मंडळी कशी आहेत ते कळव.

पत्र बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही आणि मला तुझी सहीही नको आहे. (पनवेल तालुक्यात भावानं बहिणीला गोड पत्र लिहिलं की बहीण आधी अंगठा पदरात लपवते, हे मी जाणून आहे. हे पत्र त्यातलं नाही. जमिनीचं जे व्हायचं ते आपल्या तिघांत केव्हाच सरळ झालेलं आहे.) मग फोन का केला नाही, तर त्याला कारण तूच. मी फोनवर 'ताई, चार दिवस ये' म्हणतो, तू 'शेळी व्यायलीय रे' म्हणतेस आणि ठेवून देतेस. गेल्या दोन वर्षांत तुझी ती एकटी शेळी माझ्या माहितीप्रमाणे अकरा वेळा व्यायली आहे. एवढ्या वेगानं तर तळोज्यात इमारतीही उभ्या राहत नाहीत. कागदाला मात्र मध्येच तोडता येत नाही. तुझ्या लेकीकडून, अनुष्काकडून वाचून घे. तुला चष्मा सापडेपर्यंत इकडे घर बांधून होईल.

तर घर. विचुंब्याच्या प्लॉटवर आपण बांधतोय हे तुझ्या कानावर आलंच असेल. त्याचा नकाशा मी काढला. आर्किटेक्ट आहे, त्याची सही-शिक्का लागतो म्हणून आहे, पण विचार माझा. वीस वर्षं मी टाइल्स आणि सॅनिटरीचं दुकान चालवतोय, अर्ध्या पनवेलला मी बसायला जागा दिली आहे. आर्किटेक्ट घराचा विचार दारापासून सुरू करतो, मी संडासापासून करतो, आणि पन्नाशीनंतर दोघांत कोणाचं बरोबर ते दाजींना विचार. त्या हिशेबानं मी पाच खोल्या काढल्या आणि प्रत्येकीला अटॅच्ड. त्यातलं माझं स्वतःचं बाथरूम म्हणजे केवळ बाथरूम नव्हतं. काळा कमोड, काळं बेसिन, भिंतीत लपवलेली टाकी. गिऱ्हाईकाला दुकानात समजावण्यापेक्षा घरी आणून दाखवावं असा व्यवसायाचा हेतू त्यामागे होता. आईनं नकाशा उलटा धरून पाहिला आणि म्हणाली, "पाच संडास? घरान जुलाब कोनाला झालाय?"

निकेशला (आपला धाकटा हल्ली मोबाइलवर कोणा गुरुजींचे व्हिडिओ बघून वास्तुशास्त्री झाला आहे) संडासांच्या संख्येबद्दल तक्रार नव्हती, दिशेबद्दल होती. तो फोनमधलं होकायंत्र उघडून प्लॉटवर दोन दिवस फिरला आणि पूर्व दिशा तळोज्याकडे आहे असं त्यानं जाहीर केलं. तळोज्याच्या कारखान्यांकडून रात्री काय काय उगवतं ते आमच्या नाकांना ठाऊक आहे, पण सूर्य कधी उगवला नव्हता. शेवटी माझ्या भावेशनं काकाच्या फोनचं कव्हर काढलं, त्याला लोहचुंबक होतं. कव्हर काढताच पूर्व जागेवर आली, पण निकेशचं मन काही आलं नाही. तो म्हणतो, गुरुजींचंही असंच कव्हर आहे.

दिपिकाला, म्हणजे निकेशच्या बायकोला, ओपन किचन हवं. तिनं कुठल्यातरी कॉम्प्लेक्सचा सँपल फ्लॅट पाहिलाय. तिथल्या किचनच्या ओट्यावर काचेच्या भांड्यात प्लास्टिकची लिंबं होती आणि वास कसलाच नव्हता. मी म्हटलं, बाई गं, प्लास्टिकच्या लिंबांना भिंत लागत नाही, सुकटीला लागते. आई म्हणाली, "ओपन करा. सुकट भाजली का वास सोफ्यावर बसल नि पावनं उभं र्‍हातील." तुझ्या थोरल्या भावजयीची, म्हणजे माझ्या बायकोची मागणी याच्या बरोबर उलटी. तिला स्वयंपाकघराला एक दार हवं होतं, आतून कडी लावता येईल असं. कशाला, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी दोघींचं मन राखलं. मोठीसाठी भिंत ठेवली आणि धाकटीसाठी दार ठेवलं नाही. कागदावर ही तडजोड फार सुंदर दिसत होती.

पण कागदावर भांडण मिटत नाही, कारण कागदावर सगळेच बारीक असतात. म्हणून मी ठरवलं की नकाशा थेट जमिनीवर आखायचा, खऱ्या मापानं, आणि सगळ्यांना त्यात फिरवून आणायचं. शनिवारी मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीच्या दोन गोण्या, दोरी आणि टेप घेऊन मी आणि भावेशनं अख्खं घर आखलं. भिंती, दारं, संडास, सगळं. सुरेख दिसत होतं. चूक एवढीच झाली की आपल्या गावांत पांढऱ्या फक्कीचा अर्थ एकच होतो. रविवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा घरात कबड्डीचा सामना चालू होता. निकेशच्या बेडरूममध्ये जोरदार पकड झाली होती, आणि माझ्या काळ्या बाथरूममध्ये बाद झालेली मंडळी बसली होती. मी ओरडणार होतो, पण तोवर निकेश पंच झाला होता.

मैदान रिकामं करून आईला गाडीतून उतरवलं. ताई, ते तू बघायला हवं होतंस. आम्ही सगळे भिंतींतून आरपार चालत होतो, खोल्या तुडवत होतो. आईनं रेघेबाहेर चपला काढल्या आणि जिथं दार आखलं होतं तिथूनच आत पाऊल टाकलं. मग दारादारानंच फिरली. हॉलमधून पॅसेज, पॅसेजमधून तिची खोली. पुन्हा बाहेर येऊन स्वयंपाकघराकडे गेली आणि भिंतीपाशी उभी राहिली. उजवीकडे गेली, डावीकडे गेली, पुन्हा उभी राहिली. मी म्हटलं, आई, ये ना आत. ती म्हणाली, "कुठशी येव?" तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. तुझी भावजय फक्कीपलीकडे आधीच उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे मला आत ठेवून चिणणार होतात तर." मी सांगितलं की ही रेघ प्राथमिक आहे. तेव्हापासून घरात माझ्या प्रत्येक वाक्याला प्राथमिक म्हणतात.

मग आई हॉलच्या मधोमध उभी राहिली, आणि सगळ्या खोल्यांकडे बोट करत तिनं एकेकाचं नाव घेतलं. ही कमळाकरची, ही निकेशची, ही भावेशची, ही माझी. पाचव्या खोलीत भावेशनं व्यायामाची यंत्रं मांडायची ठरवली होती. (यंत्रं अजून आणलेली नाहीत. व्यायामही.) ते ऐकून आईनं विचारलं, "नि हौसा कुठं निजल?"

मी अत्यंत आत्मविश्वासानं हॉलमधला एक चौकोन दाखवला. म्हटलं, इथे सोफा-कम-बेड येणार, ताई आली की निजते तो जुना नाही, नवीन, स्प्रिंगचा. आई म्हणाली, "त्याच सोफ्यावर तिची शेली इतक्यांदा व्यालीय."

दिपिका ओढणी नीट करत राहिली. ताई, मी इतकी वर्षं समजत होतो की तुझ्या शेळीवर फक्त माझा संशय आहे.

पुढचं जे झालं ते कोणाकडून तिखटमीठ लावून तुझ्यापर्यंत येण्याआधी मीच सांगतो. आईनं पाचव्या खोलीत जाऊन (दारातूनच) जमिनीकडे बोट केलं आणि मला म्हणाली, "निज." मी म्हटलं, आई, माती आहे. "तू नि हौसा येका मापाची. निज, बघू दे." माझ्या अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. मी निजलो. आडवा निजलो तर पाय पॅसेजमध्ये गेले, उभा निजलो तर डोकं माझ्याच काळ्या बाथरूममध्ये. तेवढ्यात रस्त्यानं सखूबाई भाजीची टोपली घेऊन चालली होती. ती थांबली आणि तिनं आईला विचारलं, "काय झालाय त्याला?" आई म्हणाली, "काय नाय गो, माप घेतंय." सखूबाईनं टोपली खाली ठेवली, माझ्याकडे पाहून हात जोडले आणि निमूट पुढे गेली. दुपारी दुकानावर तीन जणांचे फोन आले. तिघांचेही फोन मीच उचलल्यामुळे ते जरा खट्टू झाल्यासारखे वाटले.

मला वाटलं, झालं माप. तर आई पदर सावरून माझ्या शेजारीच आडवी झाली. मी विचारलं, हे काय. म्हणाली, "ती आली का मी तिचे बाजूला निजते. जागा दोगींची धर." मग आभाळाकडे बघत ती बोलायलाच लागली. कोणाच्या सुनेनं काय केलं, कोणाचा मंडप किती मोठा होता, कुणी हळदीला नुसतं तोंड दाखवून पळ काढला. तू बाजूला आहेस असंच धरून बोलत होती, आणि मी मध्ये हुंकार देत होतो. ताई, तुझ्या जागी निजल्यामुळे मला जन्मात पहिल्यांदा कळलं की तुम्ही दोघी रात्रभर काय बोलत असता. बहुतेक मीच असतो. माझ्याबद्दलची काही मतं ऐकून मी मध्ये बोलायला गेलो तेव्हा ती भानावर आली, उठली, फक्कीची गोणी ओढत आणली आणि मी निजलेला असतानाच आम्हा दोघांच्या जागेभोवती गोल फिरून रेघ मारली. रेघ वाकडी आहे. ती माझं बाथरूम अर्ध्यातून कापत गेली आणि भावेशच्या न आणलेल्या यंत्रांवरून पार झाली. निकेशनं कळवळून सांगितलं की ही ईशान्य आहे, इथे देवघर हवं. आई म्हणाली, "मंग देव तिचे खोलीन र्‍हाईल. त्याला काय अडचन हाय?"

तर असा आपला नकाशा आता पक्का झाला आहे. काळ्या बाथरूमचा त्याग मी मोठ्या मनानं आणि स्वतःहून केला, हे नोंद घेण्यासारखं आहे. संडास पाचाचे तीन केले. तुझी खोली वाकडी आहे, पण आर्किटेक्ट म्हणाला की अशा आकाराला हल्ली मागणी आहे. (तो काय, माझ्याकडून टाइल्स घेतो.) ओपन किचनच्या ऐवजी दिपिकाला खिडकी दिली आहे, तिच्यात ती प्लास्टिकची लिंबं ठेवू शकते. एकूण सगळे समाधानी आहेत, कोणाच्या मनात काही नाही, आणि पनवेलमध्ये असा विचारपूर्वक काढलेला नकाशा दुसरा नसेल हे मी अभिमानानं सांगू शकतो. फक्त आनंदाची वार्ता द्यावी एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच. दाजींना सांग, त्यांच्या गुडघ्यांसाठी खाली बसायची वेळच येणार नाही अशी सोय माझ्या दुकानातून होईल.

तुझा,
कमळाकर

ता. क. नकाशा पक्का झाला असं वर लिहिलंय, त्यात एक बारीक गोष्ट राहिली. तुझ्या खोलीची खिडकी कुठे ठेवायची ते आई सांगत नाही. म्हणते, हौसा येऊन उभी राहील आणि सांगेल, तोवर कुदळ मारायची नाही. जेसीबीवाला रोज फोन करतो. मी त्याला शेळी व्यायलीय म्हणून सांगतो. तू येत्या रविवारी सकाळी ये. नाही आलीस तर पायाच खणला जाणार नाही, आणि मी म्हातारपणी फक्कीच्या घरात कबड्डी बघत बसेन.

ता. क. आणखी. शेळीचं कारण सांगू नकोस. तिचीही सोय झाली आहे. मागच्या अंगणात आईनं तिच्यासाठी गोठा आखून घेतला. त्याच्या मापासाठी निकेश गुडघ्यांवर रांगला, दिशा बघूनच रांगला. त्या गोठ्याला दार आहे. स्वयंपाकघराचं अजून ठरायचंय.

ता. क. (हे मी भावेश लिहितोय, आत्या. पप्पा शटर उघडायला गेले, पाकीट माझ्याकडे चिकटवायला दिलंय. आजी सांगते तसंच्या तसं लिहितो.) हौसा, कमल्यानं काय लिवलाय मना ठाव नाय, पन बाथरूम त्यानं आपनहून सोरला असा लिवला असल तर खोटा हाय, दोन दिस जेवला नाय. शेली तू कवाच इकलीस, जावई बोलले मना. गोठा आखला तो निकेशला रांगवायाला, सगली हसली, जरा बरा वाटला. मी कोनाला काय बोलली नाय. आता शेली नाय, मंग परत जायाची घाई कोनासाठी? गोधरी धुवून वालत टाकलीय.