बोलायची काठी

ब्रेझेलाऊ, रविवार, १९ जुलै

प्रिय वीबके,

तुझ्या आईनं फावड्यानं टॉर्बेनचा हात मोडला, ही बातमी तुझ्यापर्यंत पोचली असेलच. हिल्डेमावशीच्या पोटात काही राहत नाही. तिनं थोडं तिखटमीठ लावलं असेल, पण हात मोडला हे खरं आहे, आणि खांद्याचं हाडही. सहा वर्षांत तू माझा फोन उचलला नाहीस, पत्रं न उघडता परत पाठवलीस. म्हणून या पाकिटावर मी माझं नाव घातलेलं नाही, शेतातल्या गेशेचं घातलंय. लबाडी आहे, कबूल. पण आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. यात एका मुलीच्या जिवाचा प्रश्न आहे. तिचं नाव फेन्या. सत्तावीस वर्षांची आहे आणि टॉर्बेनबरोबर राहते. राहायची, असं म्हणायला हवं.

बाबा गेल्यावर मी दोन वर्षं खिडकीत बसून काढली. मग डॉक्टरच ओरडला, “इर्मट्राउट, हातांना काहीतरी काम दे, नाहीतर पुढच्या वर्षी गोळ्या दुप्पट करीन.” म्हणून मी गेशेच्या शेतात वाटा घेतला. गाव संपतं तिथे कालव्याच्या पलीकडे ही बाई भाजी पिकवते, आणि आम्ही सत्तर घरं तिचे वाटेकरी आहोत. जे पिकेल ते सगळ्यांचं, जे कुजेल तेही सगळ्यांचं. जमेल त्यानं कामाला यायचं. सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, अगदी पेन्शनीतले मास्तरसुद्धा. पहिल्याच दिवशी गेशेनं माझ्या हातात कात्री दिली आणि म्हणाली, “गोगलगायी.” त्या बिनशंखाच्या, तांबड्या, बोटाएवढ्या लांब. पावसाळी जूनमध्ये एका रात्रीत कोबीचा अख्खा वाफा फस्त करतात. बाकीचे त्यांना बादलीत गोळा करून जंगलात सोडून येतात, कारण जीव आहे. मी कापते. सकाळी सहाला जाते, डोक्यामागे एक काप, की पुढची. एका सकाळी चारशे झाल्या होत्या. मला सगळे ‘खाटीक’ म्हणतात. तुझ्यापासून काय लपवू, मला ते काम आवडलं. हात चिकट व्हायचे, वास यायचा, आणि दिवसभर डोकं शांत राहायचं.

एप्रिलमध्ये टॉर्बेन आला. शेताचा जुना नांगरणीचा छोटा ट्रॅक्टर दोन वर्षं गंजत पडला होता, तो यानं एका दुपारी चालू करून दिला, एक पैसा न घेता. गेशे तर त्याच्या गळ्यातच पडली. मी गाजरं विरळत होते. माझ्याकडे बघून तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, “काय सासूबाई, अजून जिवंत? मला वाटलं माझ्या विरहात गेलात!” लोक हसले. वीबके, मीही हसले. हे लिहायला मला तीन कागद फाडावे लागले, पण तुला कळायला हवं की मी त्या दिवशी हसले.

फेन्या त्याच्याबरोबर होती. बारीक चणीची, भराभर बोलणारी, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीनं जोडलेली. गेशेनं तिला माझ्या हाताखाली गोगलगायींवर लावलं. सुरुवातीला ती कापायच्या आधी डोळे मिटून घ्यायची. मी म्हटलं, “अगं, डोळे मिटलेस तर बोट कापशील.” जूनमध्ये एके दिवशी तीस अंश उकाडा होता आणि ही लांब बाह्यांत. घेवड्याच्या वेलाला हात वर केला तेव्हा बाही घसरली. दंडावर चार बोटं उमटलेली, पाचवं आतल्या बाजूला. आठ दिवसांनी कान सुजला होता. म्हणाली, काचघराचं दार लागलं. तू तळघराचा जिना म्हणायचीस. मी तेव्हा त्या जिन्यावर विश्वास ठेवला, कारण तो ठेवणं सोयीचं होतं. या वेळी मी काही विचारलं नाही, नुसती तिच्या शेजारच्या वाफ्यात कापत राहिले. तिसऱ्या दिवशी तिनं आपणहून सांगितलं. त्या आठवड्यात झुकिनी उदंड झाली होती, प्रत्येक वाट्याला सात-सात. सलग चौथ्या दिवशी ताटात झुकिनी दिसली म्हणून त्यानं तिचे केस धरून डोकं फ्रीजच्या दारावर आपटलं. तीनदा. मग दाराला पोचा आला म्हणून आणखी एकदा. हे ती हसत सांगत होती. “मूर्खपणा माझाच, सूप तरी करायचं,” म्हणाली. तिच्या हातातली कात्री सारखी उघडझाप करत होती.

मी गेशेला सांगितलं. पोलिसांत जायला फेन्या तयार नव्हती आणि माझ्या एकटीच्या शब्दाला कोण विचारतं, म्हणून गेशेला. तिचा चेहरा पांढराफटक पडला. बाई मनानं चांगली आहे, हे लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तू तिला शिव्या देशील. ती म्हणाली, “याबद्दल बोलायला हवं. सगळ्यांनी मिळून. मोकळेपणानं.” आमच्याकडे रीतच आहे तशी. शनिवारी काम संपलं की गवताच्या गठ्ठ्यांवर गोल करून बसायचं. हेझलच्या झाडाची एक सोललेली काठी हातोहात फिरते. ज्याच्या हातात काठी त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी गप्प ऐकायचं. कुत्र्यांना शेतात आणायचं का, वाफ्यांवर प्लास्टिक घालायचं का, सगळं याच काठीनं सुटलं. मग हेही सुटेल, असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं. चाळीस माणसांसमोर लाज वाटून तरी हात आवरेल, असं मी म्हटलं स्वतःला. फेन्याला यायचं नव्हतं. तिला मी तयार केलं. “सगळे तुझ्या बाजूनं आहेत गं,” हे माझे शब्द.

काठी आधी फेन्याकडे आली. तिनं चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, “घरी कधीकधी थोडं जड जातं.” बस. शेजारीच टॉर्बेन, त्याचा गुडघा तिच्या गुडघ्याला टेकलेला. काठी त्याच्याकडे गेली आणि तो रडला. चांगलाच रडला. बापाचा पट्टा, लहानपण, मला माझ्या रागाची भीती वाटते, तुम्ही सगळ्यांनी मला इथे जागा दिलीत. बायका नाकं पुसत होत्या. फोल्कहार्ट मास्तर सभा चालवतात, ते म्हणाले, “दोघांनीही फार धीर दाखवला. आपण दोघांचेही आभार मानू या.” कुणीतरी उठून टॉर्बेनला मिठी मारली. ठरलं असं, की त्यानं दर बुधवारी शेतात यायचं, मातीत हात घातले की मन निवतं, आणि महिन्यानं पुन्हा बोलू. गेशेनं ते फळ्यावर खडूनं लिहिलं. मग रुबार्बचा केक कापला. फेन्यानं गाडीत बसून पट्टा लावला, मी बघत होते. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

बुधवारी टॉर्बेन शेतात हजर, एकटाच. म्हणाला, तिला ताप आहे. जो येऊ शकत नाही त्याची भाजी कुणीतरी घरी पोचवतं, ती पेटी मी उचलली. बऱ्याच वेळानं दार उघडलं. जबडा एका बाजूला सुजून काळानिळा, पुढचा दात गेलेला, डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटपट्टीनं बांधलेली, चष्म्याच्या काडीला लावतात तीच पट्टी. शनिवारी घरी पोचल्यावर त्यानं तिला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं होतं. लाटणं तिच्या हातात दिलं. म्हणाला, “हं, काठी तुझ्याकडे आहे. बोल. मोकळेपणानं बोल.” तिनं लाटणं मांडीवर ठेवलं. मग त्यानं ते काढून घेतलं आणि म्हणाला, “झालं तुझं? आता माझी पाळी.” तिला हे सांगताना शब्द नीट उच्चारता येत नव्हते. मी पेटी तिथेच टाकली आणि तिला म्हटलं, “चल.” ती सपाता घालूनच गाडीत बसली.

डानेनबर्गच्या इस्पितळाला जायचा रस्ता गेशेच्या बटाट्याच्या शेताला लागून जातो. दुसरा रस्ता होता, मैलभर लांबचा. मी जवळचा घेतला. का, ते मला आजही सांगता येत नाही. पोलिसांनीही हेच विचारलं. बटाट्यांत काम करणाऱ्या टॉर्बेननं माझी गाडी ओळखली, आत कोण आहे ते पाहिलं आणि बांधावरून सरळ रस्त्यावर आला. मी ब्रेक दाबला. त्यानं तिच्या बाजूचं दार उघडून केसांना धरलं आणि तिला बाहेर ओढलं. ती ओरडलीही नाही, दोन्ही हातांनी फक्त आपला जबडा धरला होता. गाडीत मागे माझं फावडं होतं, रोजचंच, घासून धार लावलेलं. ते घेऊन मी उतरले. तो म्हणाला, “सासूबाई, तुम्ही नका पडू मध्ये. पूर्वीही पडला नाहीत.” मी तिचे केस धरलेल्या हातावर मारलं, कोपराखाली. वाळका देठ मोडावा तसा आवाज झाला. केस सुटले. तो गुडघ्यांवर बसला होता, हात पोटाशी धरून, आणि फेन्या मोकळी होती. म्हणजे काम झालं होतं. तरी मी दुसरा घाव घातला, खांद्यावर, सगळा जोर लावून. तो तुझ्यासाठी होता. तिसऱ्यासाठी फावडं उचललं होतं आणि ते डोक्यासाठी होतं, वीबके. फेन्यानं त्या मोडक्या बोटांनी माझं मनगट धरलं, म्हणून तू आज खुनी बाईची मुलगी नाहीस.

शेतातून सगळे धावत आले. मास्तर धापा टाकत म्हणाले, “इर्मट्राउट, काय केलंस हे! आपण बोललो असतो!” मी त्यांना काय म्हटलं ते लिहीत नाही. गेशेनं मात्र फेन्याच्या तोंडाकडे एकदाच पाहिलं आणि बांधावरच मटकन बसली. नंतर तिनंच फळा पुसला आणि ती काठी चुलीत घातली. अर्धे वाटेकरी तिच्यावर नाराज आहेत, अर्धे माझ्यावर. पोलिसांना मी खरं तेच सांगितलं, दुसऱ्या घावासकट. वकील डोक्याला हात लावून बसलाय. सप्टेंबरमध्ये खटला आहे. मला शिक्षा झाली तर होऊ दे, त्याचं मला काही वाटत नाही.

वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. फेन्या सोमवारपासून माझ्याकडे आहे, जबड्याला तार घातलेली, नळीनं सूप पिते. टॉर्बेनचा मोठा भाऊ त्याला रोज गाडीतून आणतो आणि ती गाडी आमच्या वळणावर उभी राहते. जवळ यायचं नाही असं पोलिसांनी त्याला बजावलंय. तो जवळ येतच नाही, साठ पावलांवर बसून असतो, हात गळ्यात बांधलेला, काच खाली. काल त्यानं मला हसून हात केला. फेन्या पडद्याआड जमिनीवर बसते, खिडकीच्या उंचीच्या खाली. ल्यूबेकच्या महिला आश्रयघरात जागा आहे, पण एक तारखेपासून. मधले दिवस ती इथे राहिली तर तो एक तरी रात्र साधेल, हे मला ठाऊक आहे आणि तिलाही.

आता मी हे पत्र का लिहितेय ते. माफी मागायला नाही, ती मागायला मला तोंड नाही. त्या ख्रिसमसच्या रविवारी तू पिशवी घेऊन आमच्या दारात उभी राहिलीस, तुझा ओठ फाटलेला होता. मी तुला कॉफी दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन टॉर्बेनला फोन केला. तुम्हा दोघांना कोचावर शेजारी शेजारी बसवलं आणि म्हटलं, बोला, मोकळेपणानं बोला, बोलून सुटत नाही असं काही नसतं. मग तुला त्याच्या गाडीत बसवून दिलं, वर केकचा डबाही दिला. गेशेला मी काय तोंडानं दोष देऊ? फेन्याला त्या गठ्ठ्यावर बसवताना मला तुझं सगळं माहीत होतं, आणि तरी बसवलं. आता ऐक. शुक्रवारी गेशे तिला आपल्या गाडीत पालेभाजीच्या पेट्यांमागे झोपवून ल्युनेबर्गच्या स्टेशनावर सोडेल. दुपारी पावणेचारला ती फ्लेन्सबुर्गला उतरेल. तिच्याकडे एकच पत्ता आहे, तुझा. तो मी तुला न विचारता दिला. टॉर्बेनला मी तू कॅनडात असल्याचं सांगितलंय आणि त्याला तुझं नवं आडनाव माहीत नाही. तुझं माझं काही देणंघेणं उरलेलं नाही. नको असेल तर गेशेला फोन कर, नंबर मागच्या बाजूला आहे, ती दुसरीकडे सोय बघेल. पण जमलं, तर ती बेल वाजवेल तेव्हा दार उघड. तिला आत घे आणि आतून कडी लाव. काही विचारू नकोस, बोल म्हणू नकोस, समजावू तर मुळीच नकोस. आणि कुणालाही फोन करू नकोस, मलासुद्धा नाही.

तुझीच,
आई