अंगठ्याखालचा आवाज

कामरगाव, १२ डिसेंबर १९७४

इंझोरीची शेवंतावहिनी आज माझ्या रेडिओ-टेप दुरुस्तीच्या दुकानात आली. नवरा किसन वारल्यावर पहिल्यांदाच त्याचं गाणं ऐकायला. टेपच्या डबीवर मीच लिहिलंय, ‘किसनचा आवाज’. लावली, तर पोरीसारखा चिरका सूर! विहारात टेप करताना सेल उतरले असणार. फीत तेव्हा हळू फिरली, आज विजेवर धावली.

“भाऊ, हे कोनाची पोर गाऊन राह्यली?”

किसनला मी हजारात ओळखीन, पण तिला कसं पटवू? फितीच्या फिरत्या चकरीवर अंगठा दाबून धरला. एक ओळ आली, किसनचीच, भरदार.

“हाच! असंच राहू द्या, भाऊ!”

कसं राहू देऊ? अंगठा जरा सरकला, सूर पुन्हा पळाला. मग टेप बंदच केला.

जाताना म्हणाली, “डबीवरचं नाव तेवढं खोडू नोका.”