निम्म्या दराचं कार्ड

१२ जानेवारी १९८४, गुरुवार
मुलुंडच्या शाळेत शिकवून थेट केमिस्टकडे. आईची बी.पी.ची गोळी पुन्हा महागली. संपानंतर बाबांची गिरणी उघडलीच नाही, तेव्हापासून त्यांचं कामगार विम्याचं कार्ड नुसता पुठ्ठा. औषध आता पदरचं. मागच्या वर्षी झटका आला, आईचा डावा हात अजून जड आहे. डॉ. क. तेव्हा म्हणाले होते, गोळीत खंड नको.
खंड पडू देणार नाही. बाकी सगळं यानंतर.

१५ जानेवारी
घाटकोपर स्टेशनजवळ एक ट्रस्ट आहे. निम्म्या दरात औषधं देतात, कार्ड काढावं लागतं. रेशनकार्ड आणि डॉक्टरची चिठ्ठी हवी. आईला सांगितलं.
"धर्माचा औषध माका नको. लोकांनी काय म्हणूचा?"
"लोक गोळ्या आणून देतात का?"
रेशनकार्ड काढून पुढ्यात ठेवलं. म्हणजे हो.

१९ जानेवारी
कार्ड मिळालं. आईच्या नावाचं, पिवळं. ट्रस्टमध्ये जयंतीभाई म्हणून गृहस्थ बसतात. त्यांनी आणखी एक वाट दाखवली: तेच औषध दुसऱ्या कंपनीचं, आणखी स्वस्त. मी घुटमळले.
"बेन, गोणी बदलली तर बटाट्याचा कांदा होतो काय?"
घेतली. गोळी पिवळीऐवजी पांढरी. आईने ती उजेडात धरून पाहिली, खोट्या नाण्यासारखी.

४ फेब्रुवारी
आईला तपासायला नेलं. प्रेशर वाढलेलं. बरंच.
डॉ. क. गोळीचं पाकीट उलटसुलट करून बघत होते. "स्वस्तात घ्यायला गेलं की असं होतं."
आई माझ्याकडे बघत होती. ती नजर अजून...

५ फेब्रुवारी
जयंतीभाईंशी भांडून आले. ते शांत. "दवा तीच आहे. घरी नीट घेतात ना, ते बघा."
घेते. रोज दुपारी, जेवल्यावर. मी शाळेत असते, पण गोळ्या संपत येतात हे दिसतं. सावकाश संपतात. त्याचाच मला आनंद होता.
तरी महागडी पुन्हा आणली. संध्याकाळची आणखी एक शिकवणी धरली.

१३ फेब्रुवारी, सोमवार
स्नेहसंमेलनानंतरची सुट्टी. दुपारी घरी. आईने बाबांना वाढलं, मला वाढलं, स्वतः थोडे शेंगदाणे खाल्ले. गोळीला हात नाही.
"गोळी?"
"आज सोमवार."
"मग?"
"डाक्टरानंच लिवल्यान, जेवणानंतर. जेवलंय नाय तर कशी घेतलंय?"
चिठ्ठी काढून पाहिली. जेवणानंतर. डॉ. क.चंच अक्षर.
फक्त सोमवार नाही. गुरुवार, एकादशी, संकष्टी. गुरुवार तर तिचा कधीच नव्हता. विचारलं, हा कधीपासून?
बाबा वॉचमनची रात्रपाळी करून आलेले, पेंगत म्हणाले, "तुझी आई देवालासुद्धा काटकसरीने पुजते."
ती चिडली. मग हळूच: "उपास धरलो की जेवाण वाचता, गोळीय वाचता. तुका सांगलंय तर तू आणखी एक शिकवणी धरतलंस."
धरलीच आहे, म्हणाले नाही.

१४ फेब्रुवारी
डॉ. क.कडे. ऐकून हसले, मग हसायचे थांबले. नवी चिठ्ठी लिहून दिली: रोज. उपास असला तरी. गोळीतल्या औषधाचं मूळ नाव लिहायला लावलं, कंपनीचं नाही. पेन थांबलं, मीही थांबले. लिहिलं.
पांढरी गोळी परत सुरू.

२० फेब्रुवारी, सोमवार
शाळेतून आल्यावर विचारलं. "घेतलंय." खोटं. आई खोटं बोलताना पदर नीट करते. चिठ्ठी वाचून दाखवली. "डाक्टराक माझो सोमवार काय ठाऊक?"
समजावणं संपलं. रात्री सांगितलं, ज्या दिवशी तू गोळी चुकवशील त्या दिवशी मी जेवणार नाही.
"खुळी काय गे तू?"
हो.

२३ फेब्रुवारी, गुरुवार
दोघी उपाशी. वर्गात पाचवीला धडा वाचताना ओळ दोनदा वाचली. घरी आले तर ती दाराशी. "डबो खाल्लंस?" उघडून दाखवला. भरलेला.
रात्रभर कूस बदलत होती.

२७ फेब्रुवारी, सोमवार
रजा घेतली. दुपारी दोन ताटं झाकलेली, मधे बाबा एकटे जेवतात. "दोघी मिळून मला पापी ठरवा," म्हणाले, आणि आणखी भात वाढून घेतला.
तीनला आई उठली. दूध आणलं. गोळी हातात घेऊन बराच वेळ बसली. मग सुपारीच्या अडकित्त्याने तिचे दोन तुकडे केले. एक गिळला. दुसरा कागदात गुंडाळून देवामागे ठेवला.
"आता जेव."
मी अर्धी भाकरी खाल्ली, अर्धी ताटात ठेवली. ती बघत राहिली.
बुधवारी महाशिवरात्र.