वाचनवर्गाची यादी

बाई, तुम्ही होतात तेव्हा तुम्हाला पत्र लिहायचं कधी सुचलं नाही. तुम्ही गेल्याचं भावानं फोनवर सांगितलं, त्या वेळी मी इथे अमेरिकेत ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होते. ‘अरे’ एवढंच म्हणाले आणि मीटिंगला गेले.

मी एका मोठ्या शहराच्या शाळाखात्यात काम करते. शिकवत नाही, मुलांच्या निकालाचे आकडे बघते. इथे एकेका वर्गात घरी सहा-सात वेगवेगळ्या भाषा बोलणारी मुलं असतात. कुणी निर्वासितांच्या छावणीतून आलेलं, कुणाची आई दोन-दोन नोकऱ्या करणारी. आम्ही मात्र लांबच्या उपनगरात राहतो. आपली मंडळी इथे शाळेचं रेटिंग बघूनच घर घेतात, आम्हीही तसंच घेतलं. ज्या शाळा सुधारण्याचा पगार मी घेते, तिथे माझी मुलं एक दिवसही गेली नाहीत.

वाचनाचा निकाल सुधारला नाही तर काही शाळा बंद कराव्या लागतील, असं दोन वर्षांपूर्वी वरून सांगण्यात आलं. वाचनात मागे पडलेल्यांसाठी छोटे वर्ग असतात. एक शिक्षिका आणि पाच-सहा मुलं, रोज. जागा अगदी थोड्या. माझ्या बॉसनं मला यादी करायला सांगितली: पास व्हायला थोडक्यात कमी पडलेली मुलं आधी घ्यायची, कारण जरा हात दिला की ती वर्षभरात पार होतात. फार खाली असलेली होत नाहीत. एका दुपारी मी यादी करून दिली. निकाल खरंच वर गेला, शाळा वाचल्या, बोर्डाच्या बैठकीत आमच्यासाठी टाळ्या वाजल्या. मीही खूश होते, खोटं कशाला सांगू.

यंदा पुन्हा तशीच यादी केली. महिन्याभरात एका शाळेतून बोलावणं आलं. सोमालियातून आलेली एक आई भेटायला आली होती. इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करते, शिफ्ट संपवून थेट आलेली. यादी येईपर्यंत शाळेनं तिच्या मुलीला वाचनाच्या वर्गात बसवलं होतं; मग का काढलं, हे तिला विचारायचं होतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, वर्ग भरला आहे. ती आई दुभाष्यामार्फत सावकाश म्हणाली, “ती आता बसवरच्या पाट्या वाचायला लागली होती. तिच्या हातून काही चूक झाली का?” मी शेजारीच बसले आहे, मांडीवर लॅपटॉप. निकालाच्या तक्त्यातली त्या मुलीची ओळ माझ्यासमोर उघडी आहे, पासच्या रेषेच्या खूप खाली. मी मान हलवते. नाही, काही चूक नाही. आणि लॅपटॉप मिटते.

घरी येताना तुमची आठवण झाली. नागपूरच्या आपल्या शाळेत, चौथीत, वीटभट्टीवरून येणाऱ्या एका मुलीला वाचायला शिकवण्याचं काम तुम्ही मला दिलं होतं. आठवड्यानं मी तोऱ्यात येऊन सांगितलं, “बाई, हिला येतच नाही.” तुम्ही वह्या तपासत होतात. मान वर न करता म्हणालात, “तिला येत नाही, हे मला माहीत आहे. तू कितीदा सांगितलंस, ते सांग.” सगळा वर्ग ऐकत होता. मला रडू फुटलं, पण तुम्ही समजूत काढली नाहीत. मधल्या सुट्टीत मला आणि तिला परत पुस्तक उघडायला लावलंत.

दुसऱ्या दिवशी मी बॉसकडे गेले. अशी यादी करणं बरोबर नाही, म्हणाले. ती वाईट बाई नाही, वीस वर्षं तिनं स्वतः शिकवलं आहे. ती थकलेल्या आवाजात म्हणाली, “शाळाच बंद झाली तर ही मुलगी कुठे जाईल, सांग.” पुढच्या वर्षी जागा वाढवून मागू, म्हणाली. आणि त्या एका मुलीचं नाव घालायची परवानगी दिली. तिची आई नंतर परत भेटली, तेव्हा तिनं माझे दोन्ही हात धरले, कितीतरी वेळ सोडले नाहीत. मीही धरू दिले.

बाई, हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच इतकं लिहिता आलं. एक सांगायचं राहिलं. जागा तेवढ्याच होत्या. तिला आत घ्यायचं म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी काढणं आलं. मी यादीतली खालून पहिली ओळ खोडली. खोडण्याआधी नावांचा रकाना लपवून ठेवला होता.