वहीतली लाल फुली

मंगळवार, संध्याकाळ

ब्लॉगवरचा तो लेख काढून टाकला. पण आता काय उपयोग?

चूक माझीच होती, इतर शिक्षकांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिली. गणिताच्या तासाला वहीत एका भाकरीचे चार सारखे भाग काढायचे होते. माझ्या चौथीतल्या एका मुलीने बाबांचा वाटा मोठा काढला, आईचा एवढासा. मी लाल फुली मारली. तिने घरी दिसतं तेच काढलं होतं, हे नंतर सुचलं. लेखात नाव बदललं होतं, पण कुणीतरी तो पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि गावाने ओळखलंच.

आज तिची आई आली. "बाई, माह्या घरची भाकर साऱ्या गावाले काऊन दाखवली?" मी माफी मागितली. म्हणाली, "खोटं नाही लिवलं तुमी. पन तिचा बाप म्हन्ते, शायेत धाडू नको तिले."

लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला चुका वहीत लिहायला लावायच्या. वाचायच्या मात्र एकट्या त्याच. किती जपायच्या आम्हाला!

उद्या शाळेत येईल ना ती मुलगी? सगळ्यांपुढे चूक कबूल केली मी, आणि तिच्या वहीत ती लाल फुली अजून तशीच आहे.